माणूस निघालाय

या महिन्यात आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य सापडलं: ‘माणूस निघालाय.’ हे वाक्य मी स्वतः अकरा वर्षं लोकांना ऐकवलेलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, हे सदर लिहायला लागण्याआधी मी लातूर आणि तेव्हाच्या औरंगाबादेत बिल्डर मंडळींच्या इमारतींची देखभाल बघायचो. तोंडावर लोक मॅनेजर म्हणायचे, पाठीमागे काय म्हणायचे ते इथे छापता येणार नाही. म्हणून पहिलं पत्र लांब असलं तरी न कापता देतोय.

प्रश्न : काकांना नमस्कार. मी मूळची गंगाखेड तालुक्यातली. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते, म्हणून दीड वर्षापासून लातूरला ट्युशन एरियाजवळ फ्लॅट भाड्याने घेऊन आम्ही दोघी राहतो. आमचे हे गावाकडे शेती बघतात, पंधरा दिवसाला एकदा येतात. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. भाडं ९,०००, डिपॉझिट २५,०००, आणि मेंटेनन्सचे १,२०० वेगळे, ते मॅनेजरकडे द्यायचे. घरमालक पुण्याला असतात. करारनामा अकरा महिन्यांचा, एकदा नवा केला.

दिवाळीपासून लिफ्ट बंद आहे. पाणी सकाळी अर्धा तास, तेही पोरीच्या क्लासच्या टायमाला. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्या छताला पाणी झिरपायलंय, ते भिंतीवरून गिझरच्या बटनापर्यंत आलंय. परवा बटन दाबताना हाताला झिणझिण्या आल्या. संक्रांतीच्या आठवड्यात जिन्यातले लाइट आणि पाण्याची मोटार दोन दिवस बंद होती, बिलच भरलं नव्हतं म्हणे. मॅनेजरला फोन केला की ‘माणूस निघालाय ताई, रस्त्यातच हाय.’ दोन महिने झाले, तो माणूस अजून रस्त्यातच आहे. घरमालकांना विचारलं तर म्हणतात, मॅनेजरशी बोला, मी त्याच्यात पडत नाही. आमचे हे म्हणतात, भाडंच बंद कर, मग बघ कसे पळत येतात. मे महिन्यात परीक्षा, त्याआधी घर बदलणं जमत नाही. भाडं बंद करू का?
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, भाड्याचं नंतर बघू, आधी गिझर. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन तुम्हाला फोन केलाच होता. बाकीच्यांसाठी पुन्हा लिहितो. बटनाला झिणझिण्या येणं म्हणजे करंट ओल्या भिंतीत उतरलाय. गिझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा वेगळा खटका, खाली पाडायचा, त्यावर चिकटपट्टी लावायची आणि पाणी गॅसवर तापवायचं. मग मीटरजवळच्या बोर्डावर एक रुंद खटका शोधायचा, त्यावर छोटं टेस्टचं बटन असतं. इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबी म्हणतात. ते बटन दाबलं की अख्ख्या घराची लाइट फटकन जायला हवी. गेली नाही, किंवा तो खटकाच बसवलेला नसला, तर शॉक लागला तरी करंट तोडणारं घरात काहीच नाही असं समजा. इलेक्ट्रिशियन आपल्या पैशाने बोलवा, त्याच दिवशी, आणि बिल मागून घ्या. इथे मालकाच्या होकाराची वाट बघू नका.

गळतीबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही: पाणी दिवसभर टपकतं, की वरच्यांच्या आंघोळी झाल्यावर? दोन दिवस लक्ष ठेवा. रात्री दोन वाजताही थेंब पडत असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन फुटलीय. सकाळी सात ते दहा वाढतं आणि दुपारी सुकतं, असं असेल तर नव्वद टक्के वेळा नानी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या पाणी वाहून जायच्या भांड्याच्या, भोवतीचं सिमेंट सुटलेलं असतं. खात्री करायची तर वरच्या ताईंना विनंती करून नानी ट्रॅपला फडक्याचा बोळा मारायचा, बाथरूममध्ये बोटभर पाणी साचवायचं आणि त्यात होळीचा रंग टाकायचा. तुमच्या छताला तोच रंग दिसला की ‘आमच्याकडून नाही हो’ हा वाद मिटला. हे मी का सांगतोय, तर ‘गळती आहे’ या तक्रारीवर प्लंबर येत नाही. तो येतो ते ‘पाचव्या मजल्यावर, नानी ट्रॅप, अर्ध्या दिवसाचं काम’ या तक्रारीवर. कारण पहिल्या तक्रारीत त्याला नुसतं बघायला यावं लागतं आणि बघायचे पैसे कुणी देत नाही.

आता तुमच्या मॅनेजरचं. मी त्याची बाजू घेत नाही, पण त्याच्या वहीत काय असतं ते मला माहीत आहे. माझ्याकडे एक चोवीस फ्लॅटची इमारत होती. चोवीस गुणिले १,२०० म्हणजे २८,८०० जमायला हवेत. प्रत्यक्षात चौदा घरं द्यायची. बाकीचे फ्लॅट रिकामे, किंवा मालक परगावी आणि ‘मी राहतच नाही तर मेंटेनन्स कशाचा’ म्हणणारे. हाती आले १६,८००. वॉचमनचे ९,०००. जिना, पार्किंग आणि मोटारीचं कॉमन बिल ४,५०० च्या आसपास. उरले ३,३००. उन्हाळा लागला की ते टँकरमध्ये. मग लिफ्टच्या कंपनीचा वर्षाचा देखभाल करार कशातून भरायचा? म्हणून कोणत्याही इमारतीत पहिला जीव लिफ्टचा जातो. आणि प्लंबर? त्याचे मागचे आठशे रुपये मीच दिलेले नसायचे. तो निघालेला नसायचा, मी त्याला फोनच केलेला नसायचा. ‘माणूस निघालाय’ याचा अर्थ ‘माझ्याकडे पैसे नाहीत आणि हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटते’ एवढाच असतो. काही जण खातातही, तेही बघितलंय.

म्हणून त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कागदोपत्री तुमचा कुणीच नाही. करारनामा काढून बघा, त्यात दोन सह्या आहेत, तुमची आणि घरमालकांची. त्यामुळे ‘मी त्याच्यात पडत नाही’ असं म्हणायची सोय घरमालकांना नाही. मेंटेनन्स तुम्ही मालकांच्या सांगण्यावरून मॅनेजरच्या हातात देता, तो मालकांचा माणूस, तुमचा नव्हे.

तरी भाडं बंद करू नका. भाऊजींना राग आलाय तो बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. आज तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम गोष्ट कोणती, तर दीड वर्षात एकदाही भाडं थकलेलं नाही. ते थांबवलं की गळती, लिफ्ट, शॉक सगळं बाजूला पडतं आणि ‘भाडं देत नाहीत’ एवढंच उरतं. डिपॉझिटही त्यांच्याकडे आहे. वर मुलीच्या परीक्षेच्या तोंडावर घर रिकामं करायचा निरोप आला तर?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यात कलम १४ आहे. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, त्याने ते केलं नाही तर भाडेकरूने निदान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी हललं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वजा करायचा. मर्यादा एकच: वर्षभरात वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशावर जाता कामा नये. तुमच्या हिशोबात वर्षाचे १,०८,०००, म्हणजे २७,००० पर्यंत. पण थांबा, इथे एक खोच आहे. तुमचा अकरा महिन्यांचा कागद बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचा, असणार, आणि कलम बोलतं ते ‘भाडेकरू’बद्दल. मालकाचा वकील पहिल्यांदा याच शब्दावर बोट ठेवील. म्हणून कलमाच्या भरवशावर एकदम पैसे कापू नका. मालकांची हरकत नाही हे आधी लेखी मिळवा, व्हॉट्सॲपवर ‘ओके’ आलं तरी चालेल, आणि मग कापा. नोटीस मात्र द्याच. मजकूर असा ठेवा, भाषा अजिबात कडक करू नका:

‘आपल्या फ्लॅटमध्ये मी करारनाम्याने राहते, भाडं दरमहा वेळेवर दिलेलं आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळती होऊन पाणी विजेच्या बोर्डापर्यंत आलं आहे व अमुक तारखेला बटनाला शॉक जाणवला. हे आपणास अमुक, अमुक तारखांना फोनवर कळवलं होतं. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वरच्या फ्लॅटच्या मालकांशी बोलून गळती बंद करून द्यावी. माझ्या बाजूचं वायरिंग मी धोका टाळण्यासाठी दुरुस्त करून घेतलं आहे, त्याचं बिल सोबत जोडलं असून ती रक्कम पुढच्या भाड्यातून वजा करण्यास आपली संमती कळवावी. फोटो सोबत आहेत.’

स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि एक झेरॉक्स जपून ठेवा, आणि तोच कागद व्हॉट्सॲपवरही टाका. लातूरच्या माझ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड गुरुजी होते. ते कधी फोन करत नसत, आवाज चढवत नसत. वहीच्या पानाखाली कार्बन घालून तक्रार लिहायचे, खाली येऊन माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, ‘मिळाले, असं लिहा फक्त.’ मी सही करायचो, निळी प्रत त्यांच्या खिशात जायची. चोवीस घरांत त्यांच्या घरचा नळ सगळ्यात आधी दुरुस्त व्हायचा. कामून? तर बिल्डरने विचारलं असतं तर मला कळलंच नव्हतं असं म्हणायची वाट त्यांनी बंद केलेली असायची.

मालकांना हलवायचा आणखी एक मार्ग आहे, त्यांच्याच फायद्याचा. इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर विचारा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. सोसायटीकडे कारभार जाईपर्यंत रास्त पैसे घेऊन सोयी चालू ठेवणंही त्याच्याच अंगावर. पण ही तक्रार महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, करायची असते आणि ती तुम्हाला करता येत नाही. भाड्याने राहणाऱ्याला तो कायदा मोजतच नाही, फ्लॅट घेणाऱ्यालाच मोजतो. तेव्हा मालकांना असं सांगा: साहेब, तुम्ही महारेराचा एक अर्ज करणार म्हणालात तरी तुमचा खिसा वाचतोय. पुण्यात बसलेल्या माणसाला लातूरची ओल दिसत नाही, वाचणारे पैसे दिसतात.

कॉमन मीटरचं तुमच्या हातात आहे. खाली जाऊन त्या मीटरचं बिल शोधा, बहुतेक वॉचमनच्या खोलीत खिळ्याला अडकवलेलं असतं. त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. महावितरणच्या ॲपमध्ये तो टाकला की थकबाकी आणि शेवटची तारीख दिसते. थकबाकीसाठी वीज तोडायच्या आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणजे संक्रांतीला जे झालं ते अचानक झालं नव्हतं, नोटीस कुणाच्या तरी खिशात होती. तारीख उलटली की बिलाचा स्क्रीनशॉट इमारतीच्या ग्रुपवर टाकायचा. खाली एक शब्दही लिहायचा नाही. भाडे कायद्याचं कलम २९ तर जिन्यातले लाइट, लिफ्ट, पाणी ही अत्यावश्यक सेवा धरतं आणि मालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने वागणाऱ्या कुणी ती विनाकारण तोडू किंवा अडवून धरू नये असं म्हणतं. मालकांच्या पत्रात ही एक ओळ घालायला हरकत नाही.

लिफ्टबद्दल खोटी आशा देत नाही. राज्याचा २०१७ चा लिफ्टचा वेगळा कायदा आहे आणि तपासणी विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडे असते. पण लिफ्ट सुरक्षित आहे का, हे बघणं त्यांचं काम. पैशाअभावी बंद पडलेली लिफ्ट ते चालू करून देणार नाहीत. ती चालू व्हायची तर फ्लॅटच्या मालकांनी वर्गणी काढायला हवी, आणि ते मेच्या आधी होईल असं मला वाटत नाही. गॅस सिलिंडर वर चढवायचे वेगळे पैसे जात असतील तर ते लिहून ठेवा, करार नवा करताना भाडं कमी करायला उपयोगी पडतील.

राहिलं पाणी. त्याला कायदा लागत नाही, वॉचमन लागतो. खरं तर व्हॉल कधी फिरवायचा हे मॅनेजर ठरवत नाही, वॉचमन ठरवतो, आणि वॉचमनचं त्याची बायको ठरवते. तिच्याशी ओळख करा. पोरगी साडेसहाला क्लासला जाते, व्हॉल साडेपाचला फिरवता का, एवढं विचारा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा माझ्याकडे तिथल्या दोन इमारती होत्या. रोज भांडणं. शेवटी मी वैतागून पार्किंगच्या भिंतीवर खडूने लिहायला लागलो: टँकर किती वाजता आला, किती हजार लिटर, व्हॉल किती ते किती. पाणी एक थेंब वाढलं नाही, पण माझ्या दारात येणारी माणसं निम्म्याने कमी झाली. तुमच्या मॅनेजरला खडूचं सुचवून बघा. ऐकणार नाही बहुतेक, पण दुसऱ्या मजल्यावरचं एखादं पोरगं ते हौसेने करील.

प्रश्न : मी वाळूजच्या कंपनीत आहे, बीड बायपासला आम्ही तिघे मित्र राहतो. मेंटेनन्स रोख मागतात, पावती देत नाहीत. टँकरचे म्हणून अधूनमधून पाचशे वेगळे. शिवाय आता म्हणतात भाडेकरूंना ‘नॉन ऑक्युपन्सी’ लागतो, तोही तुम्हीच द्या. द्यायचा का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. नॉन ऑक्युपन्सी हा फ्लॅटच्या मालकाचा विषय आहे. तो स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून घेते, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सोसायटीने तो तुमच्याकडे मागायचा प्रश्नच नाही. मालकाने करारात तुमच्या गळ्यात घातला असेल तर ती गोष्ट वेगळी, करार वाचा. वाचलेला नसणार, तीन बॅचलर मुलं करार वाचत नाहीत, मीही वाचला नव्हता.

रोख देणं आजपासून बंद. मोबाइलवरून पाठवायचे आणि शेऱ्यात ‘फ्लॅट नंबर, महिना, मेंटेनन्स’ एवढं टाकायचं. ‘ॲप चालत नाही’ म्हणाले तर त्यांच्या बायकोच्या नंबरवर चालतं का विचारा, नेहमी चालतं. भाड्याची पावती देणं तर घरमालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. टँकरचे पाचशे द्यायला हरकत नाही, पायथ्याशी जायकवाडी धरणाचा नाथसागर असून शहराला किती दिवसांनी पाणी येतं हे तुम्हाला सांगायला नको. पण टँकरवाल्याची चिठ्ठी बघायची आणि किती घरांत वाटले ते विचारायचं. एका टँकरचे पैसे वीस घरांकडून पाच-पाचशे घेतलेले मी पाहिलेत. मी घेतले नाहीत, एवढं सांगून पुढे जातो.

प्रश्न : तुम्ही दर वेळी भाडेकरूंचीच बाजू घेता. आमचं कोण ऐकणार? माझे नांदेडला दोन फ्लॅट आहेत, भाडेकरू बाँडवर नोटरी करून ठेवलेत, तरी रोज काहीतरी तक्रार. नोटरी पुरते ना?
– एक घरमालक, नांदेड

उत्तर : नाही पुरत, आणि अडकाल तुम्ही. भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर भाडं किती, डिपॉझिट किती, कुणी काय दुरुस्त करायचं, याबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, दोघांचे आधार आणि अंगठे लागतात. करताना ‘दुरुस्ती’ नावाचा एक परिच्छेद स्पष्ट लिहा: नळ-बटन भाडेकरूचं, गळती-वायरिंग-मोटार मालकाचं, कळवल्यापासून किती दिवसांत, आणि न झाल्यास खर्च भाड्यातून. तुमच्या रोजच्या तक्रारी काय आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. पुढच्या पत्रात लिहा, आणि त्यात गळती असेल तर वरचा परिच्छेद आधी वाचून मग लिहा.